एकटी जाऊ नको, एवढंच

९ डिसेंबर
ता. राळेगाव, जि. यवतमाळ

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास. ठेवला कसला, आपटलास. आताचे फोन आपटता येत नाहीत, तरी मला इथं आवाज आला. तुझी आई म्हणाली, "करा आता परत." मी केला नाही. तीन दिवस वावरातच बसून राहिलो. फोनवर मी मधेच बोलतो अन् तू मधेच तोडतेस, म्हणून कागद घेतला. तुझा पुण्याचा मित्र वीस तारखेला निघतो आहे, त्याच्याजवळ हे पत्र अन् जवसाची चटणी देतो. डबा दोन पिशव्यांत बांधला आहे. मोठ्या आत्याच्या वेळेसारखं व्हायला नको.

तू म्हणतेस मी विषय फिरवतो, म्हणून भांडण कशावरून झालं ते आधी लिहितो. तू सांगत होतीस की तिकडे अमेरिकेत, नेवाडात, हेलिकॉप्टर लावून रानघोडे हाकत आणतात. दोन बाजूंनी ताट्या बांधलेल्या, अन् तोंडाशी एक शिकवलेला घोडा उभा ठेवलेला. कळप जवळ आला की त्याला सोडतात, तो पिंजऱ्याकडे धावत सुटतो अन् बाकीचे त्याच्यामागं. मग आत नेऊन घोडे वेगळे, घोड्या वेगळ्या, शिंगरं वेगळी. हे सांगताना तुझा आवाज भरून आला. मी म्हणालो, "गोळी तर घालत नाहीत ना? मग रडायचं काय? आमच्या रोह्यांसाठी, नीलगायींसाठी, पाठवा म्हणावं एक हेलिकॉप्टर." तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला जनावर दिसलं की पिकात शिरलेलंच दिसतं." त्यावर मी तुझ्या शिक्षणावर जे बोललो, ते बोलायला नको होतं. मास्तर होतो, जीभ आवरायला पोरांना शिकवलं, आपल्याला नाही जमलं.

पण खरं सांगू का, मला राग घोड्यांचा आलाच नव्हता. त्याआधी तू सहज बोलून गेलीस की गाडी रेतीत रुतली, रेंज नव्हती, तीन तास चालत आले. आपण लाइट गेली म्हणून सांगतो तसं सांगितलंस. त्यानंतर तू काय बोललीस त्यातलं अर्धं मी ऐकलंच नाही.

तर एकटी जाऊ नको. एवढंच. आता या पत्रात तो विषय पुन्हा नाही.

परवा जागलीला मी होतो. दादाच्या पायाची पट्टी अजून निघाली नाही. तुरीला शेंग धरली आहे अन् ते रोह्यांना आपल्याआधी कळतं. रात्री दोनच्या सुमारास नाल्याकडच्या धुऱ्यानं आले. बॅटरी मारली तर नुसते डोळे. नऊ मोजले, सगळ्या माद्या अन् पिल्लं, निळा नर एकही नाही. मी सुतळी बॉम्ब पेटवून फेकला. कळप उधळला. तुरीच्या काड्या कडाकडा मोडतात तो आवाज तुला माहीत आहे. एक पिल्लू मात्र तुरीच्या तासात तसंच उभं राहिलं. अंगापेक्षा कान मोठे. बॅटरीच्या उजेडात नाकातून वाफ निघत होती अन् मागचे पाय लटलट कापत होते. त्याची माय नाल्यापर्यंत गेली होती, ती फिरून आली. माझ्यापासून वीस पावलांवर उभी राहिली अन् पुढचा पाय आपटला. माझ्या हातात दुसरा बॉम्ब होता, आगपेटी होती. नाही पेटवला. हे तुझ्या आईलाही सांगितलं नाही.

लगेच खूश होऊ नको. सकाळी पाहिलं तर चार तासं पार झोडून गेले होते. धुऱ्याला झटका मशीन बसवायची म्हणतो, तर तिची तार नाल्यात कुठं बांधायची? २०१६ साली बिहारात मोकाम्याला बाहेरून नेमबाज आणून दोनशेवर रोही मारले होते, आठवतं? दिल्लीत मंत्री एकमेकांवर चिडले होते. मी पेपर वाचून "बरं झालं" म्हणालो अन् तू ताटावरून उठून गेलीस. त्या दिवशी वांग्याचं भरीत होतं, तुझ्या आवडीचं. अजूनही रोही मारायचे की नाही यावर मी एक मत सांगू शकत नाही. दिवसा एक असतं, रात्री दोन वाजता दुसरं.

अन् टी-वन वाघिणीच्या वेळचं तर काय सांगू. तुम्ही तिला अवनी म्हणायचे, आम्ही तिला काहीच म्हणायचो नाही, अंधार पडला की दार लावायचो. तेरा माणसं मारल्याचा तिच्यावर ठपका होता. २ नोव्हेंबर २०१८ ला रात्री तिला गोळी घातली अन् तू नागपूरला मेणबत्ती घेऊन उभी राहिलीस. तू विचारलंस, "तिच्या दोन पिल्लांचं काय?" मी म्हणालो, "त्या तेरा घरांतल्या पोरांचं काय?" पंधरा दिवस बोललो नाही आपण. आता वाटतं, दोन्ही प्रश्न बरोबर होते, अन् दोघांपैकी एकालाही उत्तर येत नव्हतं. म्हणूनच एवढे ओरडलो.

तुझ्या घोड्यांचं मी वहीत लिहून ठेवलं आहे, विसरत नाही. मोकळ्या रानात घोडे अन् गाढवं मिळून ७० हजारांच्या वर. सरकार म्हणतं, रानाला झेपतात २६ हजारांच्या आसपास. पकडून सरकारी कोंडवाड्यात ठेवलेले वेगळे, तेच ६० हजारांवर. अन् हाकलले नाहीत तर चार-पाच वर्षांत कळप दुप्पट. हे वाचलं की मी गुरंवाल्यांच्या बाजूनं होतो. पाण्याचा एक झरा, त्यावर घोडेही, हरणंही, गुरंही, पुरणार कोणाला? पण त्यांची गुरंही चरतात ती सरकारी जमिनीवरच, आपल्या ई-क्लाससारखी, अन् गाय-वासरामागं महिन्याला दोन डॉलरही भरत नाहीत असं तू सांगितलंस. मग मी तुझ्या बाजूनं होतो. ई-क्लासवर कोणाचा हक्क यावर आपल्या गावात डोकी फुटली आहेत, ते मला अमेरिकेनं शिकवायची गरज नाही.

तो घोडा तिथला की बाहेरचा, हा वाद मला फार आवडला. घोड्याची जात मूळ तिथंच घडली, दहा हजार वर्षांमागं तिथून नाहीशी झाली, अन् सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजातून परत आणली. मग ते माहेरी आले म्हणायचे की उपरे? मी पारावर हा प्रश्न टाकला. अर्धा तास चालला. शेवटी पाटलांचा म्हातारा म्हणाला, "इतक्या वर्षांनी माहेरी आलेल्या लेकीला भावजया बाहेरचीच म्हणतात." सगळे हसले. मी नाही हसलो.

कोंडवाडा लिहिला अन् आपली तांबू आठवली. मी दहा वर्षांचा असेन. गाय कुणाच्या हरभऱ्यात शिरली म्हणून कोंडवाड्यात घातली. आबाजी गावाला गेलेले, दंड भरायला घरात पैसे नाहीत. रात्रभर ती तिकडे हंबरत होती अन् वासरू इकडे कोठ्यात. दोघांचा आवाज गावाच्या दोन टोकांवरून यायचा, माझ्या आईनं कानावर उशी घेतली होती. तू शिंगरं वेगळी करतात म्हणालीस तेव्हा मला ते आठवायला पाहिजे होतं. रविवारी नाही आठवलं, सोमवारी आठवलं.

त्या जॉन्स्टनबाईची गोष्ट मी दादाच्या पोरांना सांगितली. साधी ऑफिसात काम करणारी बाई, लहानपणी पोलिओ झालेला. १९५० साली रस्त्यावर पुढच्या ट्रकमधून रक्त गळताना पाहिलं. आत जखमी घोडे कोंबून खाटकाकडे नेत होते. ती मागं लागली, शाळेच्या पोरांनी पत्रं लिहिली, अन् १९५९ ला मोटारींनी घोडे हाकण्यावर बंदी आली, १९७१ ला रानघोड्यांना संरक्षणाचा कायदा झाला. मीही एकदा चौथीच्या पोरांना गावाला बस मिळावी म्हणून पत्रं लिहायला लावली होती. बस आली, तीन महिने चालली, बंद झाली. पण शुद्धलेखन सुधारलं.

हसू नको. तूच तर ती चौथीतली पोट्टी. 'कृपया' ला तू दीर्घ ऊकार दिला होता.

अन् ते डुकराचं खरं आहे का गं? घोडीला पिल्लू होऊ नये म्हणून लांबून सुई मारतात ती लस डुकरिणीच्या बीजांडापासून करतात? इथं डुकरं आमची भुईमूग उकरून खातात अन् तिथं घोडीच्या कामी येतात. पारावर हे कोणाला खरं वाटलं नाही. सुई मारायला चाळीस-पन्नास पावलांपर्यंत जावं लागतं म्हणालीस. म्हणजे एवढ्या उघड्या रानात पायी, घोड्याच्या मागं, अन् सोबत कोणी… नाही. लिहिणार नव्हतो.

लिहितोच. तू आठ वर्षांची होतीस तेव्हा धनगर उतरले होते नाल्यापलीकडे. तट्टावर बिऱ्हाड, मागं घोडी अन् तिचं शिंगरू. ते निघाले अन् तू शिंगराच्या मागं पांदणीनं चालत गेलीस. अख्खं गाव विहिरीत पाहत होतं. मी स्वतः दोन विहिरींत गळ टाकला होता, तुला हे कोणी सांगितलं नसेल. दिवस मावळता तू पलीकडच्या गावात शिंगराला कुटार चारत बसलेली सापडलीस अन् मी तुला सगळ्यांसमोर मारलं. तू रडली नाहीस. म्हणालीस, "ते मला ओळखते." त्या थापडीची माफी मी कधी मागितली नाही, आता मागतो. तीन तास चालत आले म्हणालीस ना, मला नेवाडा दिसलं नाही, तो गळ दिसला.

तान्ह्या पोळ्याचं तर तुला आठवतच असेल. सगळ्यांचे लाकडी बैल अन् तुला घोडा पाहिजे. सुतार म्हणाला, पोळ्याला घोडा कोण करतं? मग मी बैलच आणला, करवतीनं त्याची शिंगं कापली अन् सुतळीची आयाळ करून मानेवर खिळ्यांनी ठोकली. बक्षीस वाटणाऱ्यांनी तुला रांगेतून बाजूला काढलं. तू घोडा घेऊन एकटीच मारुतीच्या देवळाला फेरी मारून आलीस. माळ्यावर आहे अजून. एक चाक गेलं आहे.

तू सांगितलंस, शिंगरू दोन-तीन वर्षांचं झालं की घरचा कळप सोडतं, नर तसा मादीही. पुढे एखादी जाणती घोडी पाण्याची वाट धरते अन् घोडा मागून राखण करतो, पण हे लेकरू आपलं निघून दुसऱ्या कळपात जातं. आम्ही इथं वाजंत्री लावून लेक पाठवतो. तू तिकीटही आपणच काढलंस. हिंगणघाटच्या त्या लोकांनी परवा पुन्हा विचारलं… जाऊ दे, तुझी आई लिही म्हणाली म्हणून लिहिलं, खोडत नाही, पण वाचू नको.

पारावर मी तुझ्याबद्दल काय सांगतो ते तुला ऐकू येत नाही तेच बरं. "माझी पोरगी हजार घोड्यांतून एक घोडी कपाळावरून ओळखते." हजार मीच केले, तू दोनशे म्हणाली होतीस.

ते उपग्रहावरून निरोप जायचं यंत्र असतं म्हणालीस, रेंज नसली तरी चालतं, पण महाग आहे अन् कॉलेजचं एकच आहे. दुसऱ्या वेचणीचा कापूस घरात पडून आहे, भाव चढायची वाट पाहत होतो. अर्धा काढून टाकतो. किती लागतात ते दादाला मेसेज कर. मला नको, मी आकडा ऐकून पहिल्यांदा नाहीच म्हणेन अन् मग पुन्हा भांडण. पाणी दोन बाटल्या जास्त ठेव. गाडीत घोंगडी ठेव, तिकडे बर्फ पडतो.

तुझ्या आईचे आशीर्वाद. ती शेजारी बसून विचारते आहे, इतकं काय लिहिता.

तुझा,
बाबा

ता.क. त्या तुटक्या चांदणीच्या म्हाताऱ्या घोडीला यंदा सुई लागली की नाही, ते राहिलंच. तू सांगत होतीस अन् तेवढ्यात फोन ठेवलास.