झाकली मूठ सव्वा लाखाची, पण रिलीजच्या दिवशी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण मधला भाग ठेवा ही विनंती.

इन्फोसिसचे नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आठवड्याला ७० तास काम करा असं बोलले, मग जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वाक्य बाहेर आलं, आणि तेव्हापासून आयटीवाल्यांनी किती तास काम करावं यावर जो तो बोलतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरसुद्धा यावरून दोन काकांची भांडणं झाली, दोघंही बँकेतून रिटायर झालेले. मी २० वर्षांहून जास्त काळ हिंजवडीत काम करतोय, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं टीम सांभाळण्यात गेली, म्हणून म्हटलं आपणही दोन शब्द टाकावेत. माझं म्हणणं एवढंच आहे की तास हा प्रश्नच नाही. शनिवार-रविवार ऑफिसात घालवायची वेळ येते ती बहुतेकदा काम जास्त होतं म्हणून नाही येत, वाईट बातमी वेळेवर वर पोचली नाही म्हणून येते. आणि ती का पोचत नाही, तर आमच्यासारखे मॅनेजर.

नुसती फिलॉसॉफी नको, माझंच सांगतो.

२०११ साली मला टीम लीड केलं. का केलं, तर मी कोड चांगला लिहायचो. बाकी काही कारण नव्हतं. शुक्रवारपर्यंत मी डेव्हलपर होतो आणि सोमवारी माझ्या हाताखाली ११ माणसं, ट्रेनिंग म्हणून अर्ध्या दिवसाचं एक प्रेझेंटेशन आणि त्यात टाइमशीट अप्रूव्ह कशी करायची ते. अमेरिकेतला इन्शुरन्सचा क्लायंट होता. टीममध्ये लातूरकडचा एक पोरगा होता, सहा महिन्यांपूर्वी कॉलेजातून आलेला, शांत. ऑगस्टमध्ये एका सकाळी स्टँडअपला (रोजची उभ्या-उभ्या होणारी छोटी मीटिंग) तो म्हणाला की फाइल इम्पोर्ट करताना जुन्या पॉलिसींच्या काही तारखा चुकीच्या येतायत, मला नीट कळत नाहीये. मी घाईत होतो, रात्री क्लायंटचा कॉल झाला होता, झोप नव्हती (ही कारणं मी आजही देतो बघा), आणि सगळ्यांसमोर बोलून गेलो, "अरे सहा महिने झाले तुला, अजून तारखा पार्स करता येत नाहीत?" दोघं-तिघं हसले. तो पण हसला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा स्टेटस एकच, "झालंय सर, थोडंसं राहिलंय."

ऑक्टोबरमध्ये क्लायंटने टेस्टिंग सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांनाच ते सापडलं. तारखा दुरुस्त करणं सोपं होतं, पण त्या तारखांवर पुढचे हप्ते, त्यावर रिपोर्ट, असं सगळं रचलेलं, म्हणजे पायाच तिरका. मग काय, सलग चार वीकेंड ऑफिस, पिझ्झा, कोणाच्या घरी दिवाळीची साफसफाई राहिली, एकीने साखरपुडा पुढे ढकलला. तास मोजले असते तर ९० च्या वर गेले असते, अध्यक्षमहाराज खूश झाले असते.

डिसेंबरमध्ये त्या पोराने राजीनामा दिला. नोटिस पिरियडच्या शेवटच्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर चहा पिताना मी विचारलं, काय रे नक्की काय झालं होतं तेव्हा. म्हणाला, "सर, खरं सांगू का, जुन्या सिस्टीमच्या फाइलमध्ये महिना आधी आणि तारीख नंतर आहे हे मला ऑगस्टमध्येच कळलं होतं. पण परत विचारायला नको वाटलं." चहाचे पैसे पण त्यानेच दिले.

आपल्या घरांतून हे येतं का मला माहीत नाही. प्रगतीपुस्तकावर सही घ्यायला वडिलांकडे जायचं नाही, आईकडे जायचं, आणि तेही त्यांचा मूड बघून, हे आपण सगळ्यांनी केलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त सॉफ्टवेअरमध्ये मूठ उघडायची तारीख, म्हणजे काम क्लायंटच्या हाती द्यायचा रिलीजचा दिवस, क्लायंटच्या कॅलेंडरवर छापलेली असते आणि ती टळत नाही.

आमच्याकडे अशा प्रोजेक्टला कलिंगड म्हणतात. बाहेरून हिरवं, आत लाल. (स्टेटसच्या शीटमध्ये हिरवं म्हणजे सगळं ठीक, पिवळं म्हणजे जरा काळजी, लाल म्हणजे गडबड.) ते कसं तयार होतं सांगतो. टेस्टर म्हणते, हे चालतच नाहीये, लाल आहे. लीड तिचं ऐकून शीटमध्ये पिवळं टाकतो, कारण अजून दोन आठवडे आहेत ना, होईल काहीतरी. मॅनेजर वरच्या मीटिंगमध्ये म्हणतो, हिरवंच आहे, एक छोटी रिस्क आहे. आणि डिलिव्हरी हेड क्लायंटला सांगतो, ऑल गुड. यात खोटं कोणीच बोललेलं नसतं, प्रत्येकाने फक्त थोडासा रंग लावलेला असतो. प्रत्येकाला वरच्याची भीती, त्या वरच्याला त्याच्या वरच्याची.

आणि मग फुटलं की पहिला उपाय काय, तर माणसं वाढवा. बेंचवरचे, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसलेले, पाच जण पाठवून देतात. फ्रेड ब्रूक्स नावाचे गृहस्थ होते, १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टीम ३६० साठी जी ऑपरेटिंग सिस्टीम बनत होती ते काम त्यांच्याकडे होतं, त्यात पोळून निघाल्यावर १९७५ साली त्यांनी लिहून ठेवलं की उशीर झालेल्या प्रोजेक्टवर आणखी माणसं टाकली तर आणखी उशीर होतो. हिशोब शाळेतलाच आहे. ५ माणसांत बोलायच्या जोड्या होतात १०, १० माणसांत ४५, १५ माणसांत १०५. शिवाय नव्या माणसाला शिकवणार कोण, तर जो आधीच बुडालेला आहे तोच. नऊ बायका मिळून एका महिन्यात बाळ होत नाही हा जोक हिंजवडीत सगळ्यांना पाठ आहे, तरी दर वेळी नऊ जणींची रिक्वेस्ट जातेच.

याच्या अगदी उलट वागलेली एक कंपनी सांगतो, मी टीममध्ये नव्या आलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवतो. ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब. जगभरचे प्रोग्रामर तिथे कोड ठेवतात. रात्री उशिरापर्यंत त्यांचा एक इंजिनिअर डेटाबेसची गडबड निस्तरत होता, त्याला दुय्यम सर्व्हरवरचा डेटा पुसायचा होता आणि कमांड गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदात लक्षात आलं, थांबवलं, पण तोवर ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप बघायला गेले तर एकही धड नाही, एक तर कित्येक दिवस बनतच नव्हता आणि तो फेल झाल्याचे मेलसुद्धा कोणापर्यंत पोचत नव्हते. वाईट बातमी वर न पोचण्याचा याहून सुंदर नमुना मी बघितला नाही, इथे तर मशीन सांगत होतं तरी पोचलं नाही! नशिबाने कोणीतरी सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक कॉपी काढून ठेवली होती, तिच्यावर साइट परत उभी केली. त्या सहा तासांतला डेटा मात्र गेला तो गेलाच.

आता आपल्याकडे काय झालं असतं? रात्री दोन वाजता ४० जणांचा कॉल, आणि पहिला प्रश्न, कोणी केलं. गिटलॅबने काय केलं, तर सगळं उघड्यावर मांडलं, दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं, आणि नंतर जो सविस्तर अहवाल काढला त्यात त्या इंजिनिअरचा उल्लेख 'टीम मेंबर १' एवढाच आहे. अहवाल वाचताना कळतं की त्या बिचाऱ्याने चूक केली ती शेवटची पायरी होती, त्याआधीच्या दहा पायऱ्या कधीच्याच तुटलेल्या होत्या. त्याला काढला असता तर बॅकअप चालू झाले असते का?

यावर आमच्यातले काही जण म्हणतात की हे लाड झाले, असं केलं तर कोणी मनावरच घेणार नाही. मला नाही पटत. मी कडक आहे, टीमला विचारा. कोड रिव्ह्यू न करता, म्हणजे दुसऱ्याकडून तपासून न घेता, कोणी काही पुढे पाठवलं तर मी सोडत नाही, आणि काम जमत नसलेल्या माणसाला तसं स्पष्ट सांगून दुसरीकडे हलवलंय, एकदा तर कामावरून कमीही करावं लागलंय, त्या रात्री जेवण गेलं नव्हतं. पण चुकला म्हणून ओरडत नाही, लपवलं तर मात्र बोलतो, आणि तेही दार लावून.

बाकी मी जे करतो त्यात विशेष काही नाही. "किती टक्के झालं" विचारायचं बंद केलं, कारण त्याला उत्तर एकच असतं, ९० टक्के, आणि ते पुढचे तीन आठवडे ९० टक्केच राहतं. त्याऐवजी "कुठे अडलंय" विचारतो. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोलतो, त्यात पहिली वीस मिनिटं क्रिकेट आणि ट्रॅफिकवर जातात आणि खरं काय ते शेवटच्या पाच मिनिटांत निघतं, म्हणून अर्धा तास कमी करून पंधरा मिनिटं करा असं एचआर म्हणालं तेव्हा मी नाही म्हटलं. माझ्या स्वतःच्या चुका मीच स्टँडअपला आधी सांगतो. कोणी वाईट बातमी आणली की पहिलं वाक्य ठरलेलं, "बरं झालं आत्ता सांगितलंस." सुरुवातीला हे दात-ओठ खात म्हणायचो, आता सवय झाली. घरून काम सुरू झाल्यापासून हे सगळं अवघड झालंय ते खरं, कॅमेरा बंद, माइक म्यूट, पोरगं अडलंय की झोपलंय काय कळणार.

सगळ्यात जड जातं ते वर सांगणं. खालच्यांनी मला सांगावं म्हणतो, पण मी माझ्या वरच्याला शीटमध्ये लाल टाकून पाठवतो का? टाकतो, पण रेटिंगच्या महिन्यात हात थोडा थरथरतोच. एकदा लाल टाकलं म्हणून "तुझ्याच प्रोजेक्टला काय होतं रे नेहमी" असं ऐकून घेतलंय. ज्याचं हिरवं होतं त्याचा प्रोजेक्ट दोन महिन्यांनी आडवा झाला, पण प्रमोशन त्याला आधीच मिळून गेलं होतं. असो.

गूगलने २००८ पासून आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला होता, चांगला मॅनेजर कशाने होतो म्हणून, त्यात ज्या आठ गोष्टी निघाल्या त्यात तांत्रिक हुशारी शेवटच्या नंबरावर होती. आणि पहिली कोणती, तर माणसाला नीट शिकवत पुढे नेणं. आपण मात्र आजही सगळ्यात हुशार कोडरला उचलतो आणि खुर्चीत बसवतो, की आपला एक चांगला इंजिनिअर गेला आणि टीमला एक घाबरवणारा बॉस मिळाला. मी तो होतो म्हणून सांगतोय.

तेव्हा विनंती अशी, की तासांवरचे अग्रलेख पुष्कळ झाले, एखाद्या रविवारच्या पुरवणीत नव्याने टीम लीड झालेल्या पोरापोरींशी बोला, त्यांना कोणी काय शिकवलं ते विचारा. आणि टेस्टर लोकांना नक्की विचारा. प्रोजेक्ट बुडणार हे त्यांना सगळ्यात आधी कळलेलं असतं, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच.

आपला नेहमीचा वाचक,
वाकड, पुणे
(नाव छापू नये, टीममधले दोघं-तिघं तुमचा पेपर वाचतात)