व्हीपीएन लागले, पण ट्रॅफिक कुठून जाते?

मा. संपादक,
स. न.

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटवरून दुसऱ्या नेटवर्कपर्यंत नेणारा बंदिस्त मार्ग, टनेल. ‘व्हीपीएन लावले आहे’ म्हणजे संगणकाचे सगळे ट्रॅफिक (ये-जा करणारी माहिती) त्यातूनच जाते, हा समज जळगाव-धुळ्याकडच्या पेढ्या, डाळमिल आणि जिनिंगच्या हिशेबनिसांत पक्का बसला आहे. घरून ऑफिसचे टॅली उघडले की जोडणी झाली, एवढेच त्यातून कळते. बाकीचे ट्रॅफिक कुठून जायचे ते राउटिंग टेबल, म्हणजे संगणकातली मार्गांची (राउटची) यादी, ठरवते. पांझरेकाठच्या फडावर पाणी कुठे सोडायचे ते पाटकरी ठरवतो, तसे. नियम एकच, ज्या राउटचा पत्ता जास्त नेमका, म्हणजे कमी पत्त्यांपुरता, तो जिंकतो.

वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीत ‘अलाउड आयपीज्’समोर फक्त ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता असेल, तर तेवढेच टनेलमधून जाते. सगळे न्यायचे तर तिथे ०.०.०.०/० (सगळे आयपीव्ही४ पत्ते) आणि ::/० (सगळे नव्या पद्धतीचे आयपीव्ही६ पत्ते) ही दोन्ही हवीत. दुसरे अनेकदा राहून जाते आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आयपीव्ही६ पत्ता मिळाला की तेवढे ट्रॅफिक राजरोस बाहेरून जाते. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनमध्ये जोडणीच्या प्रॉपर्टीज, नेटवर्किंग, आयपीव्ही४, अ‍ॅडव्हान्स्ड असे आत गेल्यावर ‘यूज डिफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क’ला टिक हवी. ओपनव्हीपीएन या दुसऱ्या प्रणालीत ‘रीडायरेक्ट-गेटवे डेफ१’ ही ओळ ते काम करते. पण ती मूळ राउट पुसत नाही, त्याहून नेमके ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे अर्ध्या-अर्ध्या पत्त्यांचे दोन राउट घालते. टनेल बंद पडून हे दोन निघाले की जुना राउट निमूटपणे चालू होतो आणि काम करणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

डीएनएसचे, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या सेवेचे, दुखणे वेगळेच. घरी डीएनएस बहुधा राउटरच असतो, १९२.१६८.१.१. तो घरच्याच नेटवर्कमधला, म्हणजे त्याचा राउट जास्त नेमका. त्यामुळे सगळे टनेलमध्ये घातले तरी साइटची नावे विचारायला संगणक राउटरकडेच जातो. वायरगार्डच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘डीएनएस’ची ओळ घालून तिथे टनेलमधला पत्ता द्यावा. ऑफिसचे नेटवर्कही १९२.१६८.१ चेच असेल तर घोळ आणखी वाढतो. टॅलीचा सर्व्हर संगणक घरातच शोधत बसतो. अशा वेळी ऑफिसचे नेटवर्क १०.४७.१२ सारख्या वेगळ्या पत्त्यावर न्यावे. काम एका संध्याकाळचे आहे, फक्त प्रिंटरचे पत्ते बदलायला विसरू नये.

हँडशेक (जोडणीची पहिली ओळख) होतो, सर्व्हरचा टनेलमधला पत्ता पिंगला उत्तर देतो, पण एकही साइट उघडत नाही? मग सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग (आलेले ट्रॅफिक पुढे पाठवणे) किंवा मास्करेड (ते सर्व्हरच्या पत्त्याने पाठवणे) बहुधा राहून गेले आहे. छोटी पाने उघडतात आणि मोठी फाइल चढवताना अडकते, तर एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार (बाइटमध्ये), पाहा. फायबरच्या पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन होणाऱ्या) जोडणीवर तो १४९२ असतो आणि वायरगार्डचे वेष्टन आयपीव्ही६ वर ८० बाइट खाते. म्हणून नेहमीच्या १४२० ऐवजी १४१२ लिहावे. तरीही अडले तर १२८०.

तपासणीला दोन मिनिटे पुरतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये ८.८.८.८ ला ट्रेसर्ट करा, म्हणजे वाटेतले टप्पे दिसतील. पहिला टप्पा टनेलचा पत्ता दाखवायला हवा, १९२.१६८.१.१ नव्हे. मग एनएसलुकअप ही कमांड चालवून साइटच्या नावाचे उत्तर कोणता डीएनएस सर्व्हर देतो ते पाहा.

फक्त टॅलीसाठी सगळे ट्रॅफिक टनेलमधून नेण्याचा खटाटोप करू नये, असे माझे मत आहे. यावलला बसून पाहिलेला प्रत्येक व्हिडिओ जळगावच्या ऑफिसच्या लाइनवर एकदा उतरतो, एकदा चढतो, आणि मग ‘नेट स्लो आहे’ ही ओरड सुरू होते. आणि विकतच्या व्हीपीएनने आपण अदृश्य होतो म्हणणाऱ्यांनी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश वाचावा. ग्राहकाचे नाव आणि त्याला दिलेले आयपी पत्ते किमान ५ वर्षे जपायला त्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना सांगितले आहे.

बँकेची वा करांची कामे सार्वजनिक वायफायवरून करणाऱ्यांना मात्र पूर्ण टनेलच हवे. त्यांनी विंडोजवरच्या वायरगार्डमध्ये ‘ब्लॉक अनटनेल्ड ट्रॅफिक’ला टिक करावी. /० लिहिले असेल तरच हा पर्याय दिसतो. टिक असताना घरचा नेटवर्क प्रिंटर चालणार नाही, तो बिघाड समजू नये. आणि टनेल स्वतःहून ‘डीअ‍ॅक्टिव्हेट’ केले की हे कुलूपही निघते.

नेटवर्कची कामे करणारा एक वाचक,
जळगाव