समासातल्या पेन्सिलच्या तीन ओळी

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

परवा निकाल आला. बेचाळिसाव्या वर्षी, एसटीत कंडक्टरकी करता करता, बी.ए. झालो. डेपोत पेढे वाटले, ड्रायव्हर मंडळींनी 'आता साहेब म्हणायचं का?' म्हणून पाठीत गुद्दे घातले. तुम्हाला फोन लावला खरा, पण तुम्ही 'हॅलो' म्हणालात आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. तुमचं नाव घालत नाही, कारण घातलं तर तुम्ही चिडाल.

माझं पहिलं वर्ष मुक्त विद्यापीठाच्या दुसऱ्या गावच्या अभ्यासकेंद्रात, तिथल्या कॉलेजात गेलं, हे तुम्हाला माहीत आहे. पण तिथं काय झालं ते मी कधी नीट सांगितलं नाही. २०२१च्या दिवाळीच्या सुमाराला आमचा एसटीचा संप सुरू झाला आणि पाच महिन्यांवर चालला. पगार बंद, पण वेळ हवा तेवढा. म्हटलं, एवढ्यात पुस्तकं तरी संपवू. चार खेपा मारल्या त्या कॉलेजात. 'अजून आली नाहीत' हे चारही वेळा ऐकलं. पाचव्या खेपेला कारकून चहाला गेला होता, म्हणून आत डोकावलो, तर कपाटामागं सुतळीनं बांधलेले गठ्ठे. वर धूळ. मुक्त विद्यापीठाचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. नाशिकहून निघालेली गंगा त्या कपाटापर्यंत पोचली होती, पुढची दहा पावलं काय ती राहिली होती.

तिथली संमंत्रण सत्रं कागदावर व्हायची. (संमंत्रण म्हणजे केंद्रात शिक्षकांनी घ्यायचे तास. हा शब्द मला आधी निमंत्रणाचा भाऊ वाटायचा. त्या केंद्रात दोन्हीही कधी मिळालं नाही.) आणि स्वाध्याय? एकदा ड्युटीच्या घाईत चौथ्या घटकाची पानं घरी राहिली आणि फाईलमध्ये माझा रजेचा अर्ज शिवला गेला. वीसपैकी सोळा. सगळ्यांनाच सोळा. रजा मात्र कोणी मंजूर केली नाही.

मग बदली झाली, माणदेशातला डेपो मिळाला आणि तुमचं केंद्र.

पहिल्याच दिवशी तुम्ही वेळापत्रक वाटलं नाहीत, कोरे कागद वाटलेत. कामाची वेळ आणि सुट्टीचा वार लिहा म्हणालात. अंगणवाडीच्या ताई, होमगार्ड, दूध डेअरीतला तो पोरगा आणि मी. रविवारी आमच्या गाड्या सगळ्यात भरलेल्या असतात, हे आजवर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही एकच तास रविवारी सकाळी आणि पुन्हा गुरुवारी संध्याकाळी घेतलात. गुरुवारी कधीकधी आम्ही तिघेच असायचो. तरी घेतलात. त्याच दिवशी म्हणालात, 'या पुस्तकात शिक्षक बसवलेला आहे, तो बोलतो, मधेमधे प्रश्नही विचारतो. पण त्याला ऐकू येत नाही. ऐकायला मी आहे.'

मला वाटलं, भाषण आहे. पण तुम्ही खरंच ऐकलंत.

अर्थशास्त्राचा स्वाध्याय, मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते. मी घटकातून जसंच्या तसं उतरवून दिलं होतं, चहा-कॉफीच्या उदाहरणासकट. आठ दिवसांनी वही परत आली. परत येते हेच मला नवीन. समासात पेन्सिलनं तीन ओळी: 'पुस्तकातलं बरोबर उतरवलंत. पण हे तुमच्या गाडीत रोज घडतं. तिकीट स्वस्त झालं की वडाप सोडून एसटीत कोण येतं आणि कोण येत नाही, ते लिहा.' (वडाप म्हणजे आमच्याकडची खासगी प्रवासी जीप.)

गाडी मुक्कामाला होती. ड्रायव्हर मागच्या सीटवर घोरत होता, मी गाडीतल्या दिव्याखाली त्या तीन ओळी कितीदा वाचल्या, मोजलं नाही. माझी वही कोणीतरी वाचली होती. मी कंडक्टर आहे हे वाचताना त्याच्या ध्यानात होतं.

१७ मार्च २०२३ला बायकांना अर्धं तिकीट सुरू झालं होतं. त्याआधी आमच्या रूटला बाजारच्या दिवशी बायका वडापच पकडायच्या, कारण ते दारात थांबतं. अर्धं तिकीट झाल्यावर त्याच बायका टोपल्या घेऊन अर्धा-अर्धा तास एसटीची वाट बघत उभ्या. पासवाल्या पोरांना काही फरक नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना आदल्या ऑगस्टपासून फुकटच होतं, त्यांनाही नाही. आणि ज्याची कोर्टात तारीख आहे तो जे आधी येईल त्यात बसणार. चार पानं झाली. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं, फक्त त्याला नाव आहे हे ठाऊक नव्हतं.

गुण दिलेत तेरा. सोळाच्या खाली मला तोवर कोणी आणलं नव्हतं!

पेन्सिलच का, म्हणून विचारलं तर म्हणालात, 'वही तुमची आहे, मी शाई कशाला लावू?'

सर, मी रोज शेकड्यांनी माणसं बघतो. सुट्ट्यावरून भांडणारी, खिडकीसाठी रुमाल टाकणारी. आणि मग एखादा असतो, जो शेजारी डुलक्या काढणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्याला विचारून ठेवतो, 'कुठं उतरायचं बाबा?' आणि त्याचा थांबा आला की हलवून उठवतो. त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हातारा उतरून जातो, कित्येकदा मागं वळूनही बघत नाही. मीही इतके दिवस तसाच वागलो, दर वेळी 'बरं सर' म्हणून शेवटची गाडी गाठायला पळालो.

ती वही माझ्या पेटीत आहे, तिकिटांच्या हिशेबाच्या वेबिलखाली. पेन्सिल पुसट व्हायला लागलीये, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आहे.

आमच्या एका ड्रायव्हरची बायको नववीला शाळा सोडलेली. तिला शिकायचंय, पण कॉलेजच्या पायऱ्या चढायला घाबरते. गुरुवारी माझी सुट्टी आहे. तिला घेऊन येतो.

आपला,
मुक्कामाच्या गाडीचा कंडक्टर