लॉगऑफनंतरचा क्रॅश

विश्रामबाग, सांगली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

येथे सर्व खुशाल. आईचा गुडघा थंडीत दुखतो, एवढेच. इतके दिवस पत्र नाही याचा राग तू सवडीने काढ, कारण आजची गोष्ट तुझ्याशिवाय कोणाला सांगून उपयोग नाही. मामांच्या छापखान्यात ऐन लग्नसराईत कोसळणाऱ्या, आपण दोघांनी लिहिलेल्या फाइल सर्व्हरचे दुखणे अखेर सापडले आहे.

पत्रिकांच्या जड फाइली लवकर उघडाव्यात म्हणून तेथे दुसरे नेटवर्क कार्ड बसवून एसएमबी ३.० या फाइल-देवाणघेवाणीच्या प्रोटोकॉलचे मल्टिचॅनेल, म्हणजे एकाच लॉगइनचे (सेशनचे) काम अनेक कनेक्शनांवरून चालवण्याची सोय, सुरू केले होते. तेव्हापासून फाइल सेव्ह होत असतानाच कोणी घाईने ड्राइव्ह डिस्कनेक्ट करून लॉगऑफ केले की कधीकधी सर्व्हर पडे आणि सगळा छापखाना थांबे. लॉगच्या ओळी वाढवल्या की थ्रेडच्या, म्हणजे सर्व्हरमध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या, वेळा बदलत आणि बिघाड दिसेनासा होई. शेवटी मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावला आणि सेशनमधला वापरकर्त्याचा पॉइंटर (त्याच्या नोंदीचा मेमरीतला पत्ता) वाचल्यावर, तो वापरण्यापूर्वी, मुद्दाम क्षणभर विलंब घातला. मग मात्र सर्व्हर हमखास पडू लागला. अहवालात दोन्ही थ्रेड एकाखाली एक होते: एकाने लॉगऑफ हाताळताना वापरकर्त्याची मेमरी मोकळी केली होती, आणि त्याच सेशनला बांधलेल्या दुसऱ्या कनेक्शनवरचे लेखन पुरे करणारा दुसरा थ्रेड तीच मेमरी वाचत होता. लॉगऑफपूर्वी आपला सर्व्हर चालू विनंत्या संपण्याची वाट पाहतो, पण केवळ त्या एका कनेक्शनवरच्या. सेशन मात्र एकाच ६४ बिटी आयडीवर दोन्ही वाटांनी चालू असते.

साम्बा या फाइल सर्व्हरसारखी, प्रत्येक क्लायंटला स्वतंत्र मेमरीची वेगळी प्रोसेस देणारी रचना हवी होती, असे तू म्हणशीलच. वालचंद कॉलेजच्या वसतिगृहात यावरूनच तू अबोला धरला होतास; भडंगातला अर्धा वाटा मात्र न बोलताही बरोबर उचलत होतास! वेगळ्या प्रोसेसमुळे इतरांचे काम वाचले असते, हे मला मान्य आहे. पण मल्टिचॅनेलमध्ये साम्बाही क्लायंटचा जीयूआयडी (ओळख क्रमांक) पाहून नवे कनेक्शन त्याच प्रोसेसकडे सोपवते, म्हणजे सामायिक सेशन सांभाळणे तेथेही चुकत नाही.

पॉइंटर मोकळा करून त्यात नल (रिकामा पत्ता) भरण्याचा उपाय मी घेतला नाही, कारण दुसऱ्या थ्रेडने जुना पत्ता आधीच उचललेला असू शकतो. आता प्रत्येक विनंती सेशनचा संदर्भ मोजून धरते, म्हणजे सेशन किती विनंत्या वापरत आहेत याची मोजणी राहते. लॉगऑफ आले की सेशन प्रथम तक्त्यातून निघते, नव्या विनंत्यांना नकार जातो, आणि शेवटच्या विनंतीने संदर्भ सोडल्यावरच मेमरी मोकळी होते.

तरीही एका गोष्टीने झोप लागत नाही. चालू सेशनवर क्लायंटने पुन्हा सेशन सेटअप (लॉगइनची विनंती) पाठवून ओळख पटवली, की आपण जुना वापरकर्ता मोकळा करून त्याच्या जागी नवा ठेवतो. तेव्हा सेशन जिवंतच असते, त्यामुळे सेशनची मोजणी तेथे कामी येत नाही. वापरकर्त्याचीही स्वतंत्र मोजणी ठेवावी असे माझे ठाम मत आहे, परंतु तो भाग तुझ्या हातचा आहे आणि कोणते लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) कोणाआधी घ्यायचे हे तुलाच नेमके ठाऊक आहे. मामा एका शब्दाने बोलत नाहीत, हेच मला अधिक लागते.

नव्या घराची वास्तुशांत झाली का? वहिनींना नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद.

पॅच (दुरुस्तीचा कोड) सोबत जोडला आहे. सेशन सेटअपचा भाग आधी वाच आणि लॉकच्या क्रमाबद्दल सविस्तर लिही. तुझे उत्तर येईपर्यंत छापखान्यातले मल्टिचॅनेल मी बंद ठेवले आहे.

तुझाच