स्कॅनरआधी फॉर्मालिन बघा

महोदय,

कृत्रिम बुद्धिमत्ता आता कर्करोगाचे निदान मिनिटांत करणार, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. तंत्र खरे आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषध व वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने) २०१७ मध्ये स्कॅन केलेली स्लाइड (नमुन्याचा काप असलेली काच) पडद्यावर पाहून निदान करण्याच्या यंत्रणेला आणि २०२१ मध्ये प्रोस्टेट बायोप्सीसाठी एआय प्रणालीला परवानगी दिली. तीही पॅथॉलॉजिस्टच्या, म्हणजे नमुना तपासून निदान करणाऱ्या डॉक्टरच्या, मदतीला. पण स्लाइडच खराब असेल तर सॉफ्टवेअर काय करणार?

खराबी बहुधा शस्त्रक्रियागृहातच सुरू होते. काढलेली गाठ अख्खीच अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबतात आणि वर बोटभर फॉर्मालिन, म्हणजे नमुना टिकवणारे द्रावण, ओततात. ते आत शिरते सुरुवातीला तासाला जेमतेम १ मिलिमीटर. स्तनाच्या मोठ्या नमुन्याचा गाभा तोवर खराब होऊ लागतो, पेशींची केंद्रके पुसट होतात. नमुन्याला काप देऊन तो त्याच्या आकारमानाच्या दहापट बफर्ड (आम्लता स्थिर ठेवलेल्या) फॉर्मालिनमध्ये ठेवायला खर्च तो किती? स्तनाच्या कर्करोगात उपचार ठरवणारे ईआर, पीआर, हर-२ हे घटक तपासायचे तर नमुना फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास ठेवण्याची मर्यादाही पाळावी लागते.

पुढे नमुना मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून मायक्रोटोम या कापयंत्रावर ३-४ मायक्रॉनचा सेक्शन, म्हणजे पातळ काप. ब्लेड बोथट असेल तर रेघा उमटतात, वॉटर बाथमध्ये सेक्शन नीट पसरला नाही तर घडी पडते. सूक्ष्मदर्शकाखाली घडी दिसली की डॉक्टर ती सोडून पुढे जातात. स्कॅनर कधी नेमका तिथेच फोकस धरतो आणि शेजारचा भाग धूसर येतो. वरची काच चिकटवणारे डीपीएक्स ओले राहिले तर स्लाइड ट्रेला चिकटते. हिमॅटॉक्सिलिन या रंगाचा लॉट बदलला की छटा बदलते, आणि दुसऱ्या प्रयोगशाळेच्या रंगावर शिकलेले एआय मॉडेल चुकू लागते.

स्कॅन इंटरनेटवरून पाठवायचे तर त्याचे गणितही मांडावे. ४०एक्स भिंगाच्या पातळीवर स्कॅन केलेली एक स्लाइड सहज १ जीबी होते. १० एमबीपीएस अपलोडवर तिला १३ मिनिटे, म्हणजे दिवसाच्या ४० स्लाइडना जवळपास ९ तास.

रुग्णालयासाठी अशी यंत्रणा घेण्याच्या निविदेत म्हणूनच एक अट हवी: त्याच रुग्णालयाच्या किमान ६० केसेस काचेवर आणि पडद्यावर, मध्ये किमान दोन आठवडे सोडून, वाचून ताळा जमवावा, एआयची चाचणीही स्थानिक स्लाइडवर स्वतंत्रपणे घ्यावी. आणि स्कॅन झाले म्हणून मेणाचे ब्लॉक फेकू नयेत. पुढच्या इम्युनो (ईआर, पीआरसारख्या) आणि जनुकीय तपासण्या त्यांच्यावरच होतात.

— एक वाचक, सोलापूर