गोयंका सर, डेट्रॉइट सोडून नाशिकला आलात त्याबद्दल थँक यू

आदरणीय डॉ. पवन गोयंका सर,
सादर नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही आणि ओळखायचं काही कारणही नाही. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या प्रेस शॉपमध्ये डिप्लोमा करून लागलो, १९९९ ची गोष्ट, आणि आज त्याच लाइनमध्ये टूलरूम, म्हणजे प्रेसचे साचे बनवायचा विभाग, सांभाळतो. महिंद्राची स्कॉर्पिओ उभी करणाऱ्या तुम्हाला २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्या रात्री हे पत्र लिहायला घेतलं होतं, दोन ओळी झाल्या आणि राहून गेलं. आता मात्र पूर्ण करतोच, कारण माझ्या आयुष्यात ज्या माणसांनी मला हात दिला त्यातले बाकी सगळे मला भेटलेले आहेत, एकटे तुम्हीच न भेटता मदत करून गेलात.

आधी त्या काळाबद्दल सांगतो, कारण नवीन पोरांना ते सांगून पटत नाही. आमच्याकडे काम यायचं म्हणजे ड्रॉइंग यायचं, त्याच्यावर जे लिहिलंय ते बनवायचं, मापात बसलं की माल गेला, नाही बसलं की रिजेक्शन, विषय संपला. तो पार्ट गाडीत कुठं लागतो, तिथंच भोक का आहे, हे विचारायची पद्धतच नव्हती आणि विचारलं तर वरचा माणूस म्हणायचा तुला काय करायचंय. नाशिकमध्ये महिंद्राच्या गाड्या बनत होत्याच, मध्ये फोर्डची एस्कॉर्ट पण इथं जोडली गेली, पण मूळ गाडी बाहेरची, विलीजच्या जीपपासून चालत आलेली नाहीतर परदेशी कंपनीची, आपण फक्त हात चालवायचे असंच सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं होतं.

आणि तुम्ही १९९३ ला इथं आलात. आयआयटी कानपूर १९७५, मग कॉर्नेलला पीएचडी, मग डेट्रॉइटला जनरल मोटर्सच्या रिसर्च सेंटरमध्ये चौदा वर्षं. एवढं सगळं मागं ठेवून नाशिकच्या आर अँड डीमध्ये, तेही महिंद्रासारख्या जीप बनवणाऱ्या कंपनीत. आमच्याकडून त्या वेळी माणसं उलट्या दिशेनं चालली होती सर! माझ्या वर्गातला निम्मा गठ्ठा आखातात नाहीतर पुण्यात गेला, माझाही पासपोर्ट काढून झाला होता.

मग स्कॉर्पिओ आली. लोकांसाठी ती जून २००२ मध्ये आली, आमच्यासाठी तिचं काम त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. सहाशे कोटींच्या आसपास खर्चात अख्खी नवी गाडी उभी करायची, जिथं मोठ्या परदेशी कंपन्या त्याच्या कितीतरी पट पैसा लावतात, आणि ते जमवायचं तर सगळं आपणच घरात करायचं नाही, इंजिनासाठी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल या कंपनीची साथ घ्यायची आणि पार्ट बनवणाऱ्या सप्लायरलाच म्हणायचं की डिझाइनपासून जबाबदारी तुझी. हा निर्णय एकट्या तुमचा नसणार, आनंद महिंद्रा पाठीशी होते, अॅलन ड्युरांटे साहेब ऑटोचे प्रमुख होते, पण गाडी डेव्हलप करायची जोखीम तुमच्या टेबलावर होती हे नाशिकमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आणि त्या एका निर्णयाचं पाणी झिरपत झिरपत आमच्या शेडपर्यंत आलं.

आम्ही म्हणजे सप्लायरचे सप्लायर. सीटच्या खाली लागणारा एक ब्रॅकेट आमच्याकडे होता, हाताच्या पंजाएवढा, दोन बेंड, तीन भोकं. ट्रायलला वीस पीस काढले आणि त्यातल्या सातांना बेंडच्या बाहेरच्या अंगाला चीर. चीर म्हणजे केसासारखी, पीस उन्हात तिरपा धरला तरच दिसायची, नखाला मात्र लागायची. नेहमीप्रमाणे आम्ही शीट खराब आहे म्हणून हात वर केले असते. पण त्या सप्लायरचा एक इंजिनिअर स्कूटरवरून आला, ऑफिसात न बसता थेट माझ्या प्रेसपाशी आला, तो पीस हातात घेतला आणि मला म्हणाला, रोज वाकवता तुम्ही, तुम्हीच सांगा का फाटतंय. मला तीन वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मला उत्तर माहीत होतं सर, पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शीट रोल होताना तिला एक ग्रेन पडतो, लाकडाला असतो तसा, आणि बेंड त्या ग्रेनला समांतर आला की पत्रा फाटायला बघतो, आडवा आला की गुमान वाकतो. आमचा ब्लँक, म्हणजे वाकवायच्या आधी कापलेला सपाट तुकडा, स्ट्रिपमध्ये, म्हणजे पत्र्याच्या पट्टीत, पत्रा वाचवायला म्हणून असा ठेवला होता की मुख्य बेंड नेमका समांतर यायचा. मी घाबरत घाबरत म्हणालो, ब्लँक नव्वद डिग्री फिरवा, स्ट्रिपमागं एक पीस कमी निघेल पण चीर जाईल. त्यानं तिथंच कागदावर हिशोब केला, फोन केला आणि संध्याकाळपर्यंत ब्लँक फिरला. पुढचे वीसच्या वीस पीस स्वच्छ. ड्रॉइंगवर बदलाची नोंद पडली आणि सुचवणारा म्हणून आमच्या शॉपचं नाव लागलं. मालकांनी पेढे वाटले होते त्या दिवशी.

माझा पासपोर्ट त्यानंतर कपाटातच राहिला.

आता यात तुमचं काय असं कुणी म्हणेल, तो इंजिनिअर चांगला होता. होताच. पण तो आधीच्या गाड्यांच्या वेळी का नाही आला? कारण आधी त्याला पण कुणी विचारत नव्हतं. तुम्ही वरून विचारायला सुरुवात केली म्हणून तो खाली येऊन विचारू शकला, माझं तरी असंच मत आहे आणि इतक्या वर्षांत ते बदललं नाही.

दुसरी एक गोष्ट सांगायचीय, ती मी कुणाला फारशी बोललो नाही. त्या ब्रॅकेटनंतर मी नोकरी सांभाळून डिग्री केली. शेवटच्या वर्षाला सेमिनारसाठी इंजिनच्या बेअरिंगवर वाचत होतो, कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला असतात ते शेल, ज्यात शाफ्ट धातूला धातू न लागता तेलाच्या पातळ थरावर फिरतो, केसाहूनही कितीतरी पातळ थर, आणि प्रत्येक स्फोटाचा दणका तो थर झेलतो, दर फेऱ्याला त्याची जाडी बदलते आणि ती किती उरते ते गणितानं काढणं महाकठीण. लायब्ररीतल्या पुस्तकाच्या मागं संदर्भांची यादी होती, त्यात १९८४ चा पेपर, नाव पी. के. गोयंका. मी दोनदा वाचलं. स्कॉर्पिओवाले गोयंका! म्हणजे ज्या माणसानं आमच्या गावात अख्खी गाडी उभी केली त्यानं त्याच्या आधी वर्षानुवर्षं फक्त त्या तेलाच्या थराचा हिशोब केला होता, आणि जगभरातले इंजिनवाले तो हिशोब वापरत होते. तेव्हापासून छोट्या पार्टवर काम करतो म्हणून मला कधीच कमीपणा वाटला नाही.

पुढचं तुमचं करिअर आम्ही लांबून बघत राहिलो, घरातल्या माणसाचं बघतात तसं. २००८ ला स्कॉर्पिओत एमहॉक इंजिन आलं, २.२ लिटरचं, आणि गाडीचा स्वभावच बदलला, जुन्या २.६ वाल्याला माहीत आहे मी काय म्हणतोय. स्कॉर्पिओ इटलीत ‘गोवा’ नावानं विकली गेली हे ऐकून आमच्या शेडमध्ये दिवसभर तोच विषय होता. २०११ ला एक्सयूव्ही ५०० आली तेव्हा चाकणची लाइन असूनही आम्हाला आनंद झाला, मोनोकॉक बॉडी, म्हणजे वेगळी चासी नसलेली एकसंध बॉडी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या चासीवर वाढलेल्या कंपनीसाठी ती उडी फार मोठी होती, आणि बुकिंग इतकं आलं की थांबवायला लागलं. तिच्या डिझाइनची धुरा रामकृपा अनंतन या बाईंकडे होती, माझ्या मुलीला मी हे मुद्दाम सांगितलंय. सगळंच जमलं असं नाही, महिंद्रानं घेतलेली कोरियाची सांगयाँग कंपनी दिवाळखोरीत गेली ते सगळ्यांनी पाहिलं आणि तुमच्या कारकिर्दीचं शेवटचं वर्ष त्यात गेलं याचं मला वाईट वाटतं. महिंद्राच्या मराझोला पण लोकांनी न्याय दिला नाही असं माझं ठाम मत आहे, इतकी शांत, इतकी घट्ट गाडी, नाशिकमध्ये बनलेली. पण जानेवारी २०२० मध्ये एक्सयूव्ही ३०० ला ग्लोबल एनकॅपच्या अपघात-सुरक्षा चाचणीत पाच स्टार मिळाले, ती पण नाशिकचीच, आणि त्याच वर्षी नवी थार आली, चार स्टारवाली. ज्या कंपनीत तुम्ही आलात तेव्हा जीप बनत होती तिथून तुम्ही निघताना पण जीपच्याच वंशातली गाडी बनत होती, फक्त आता ती पूर्ण आपली होती.

एप्रिल २०२१ ला तुम्ही रिटायर झालात आणि काही महिन्यांत इन-स्पेस या सरकारी अंतराळ संस्थेचे चेअरमन झालात, खासगी कंपन्यांना रॉकेट आणि सॅटेलाइटच्या कामात आणायला लागलात. ते वाचून मला एवढंच वाटलं की आता कुठल्या तरी शेडमधल्या पोराला कुणीतरी जाऊन विचारत असेल, तुम्हीच सांगा का फाटतंय.

सर, मनापासून थँक यू. नाशिकला आलात त्याबद्दल, आमच्या हातांवर विश्वास ठेवलात त्याबद्दल, आणि त्या बेअरिंगच्या पेपरबद्दल पण.

त्या सात पीसांतला एक मी ठेवून घेतला होता, टूलरूमच्या ड्रॉवरमध्ये आहे, थोडा गंजलाय पण चीर अजून नखाला लागते. आमच्याकडे नवीन ट्रेनी आला की पहिल्या दिवशी तो पीस त्याच्या हातात देतो आणि काही न सांगता विचारतो, का फाटला असेल? परवाच एक मुलगी लागली, सिन्नरची, आयटीआय केलेली, तिनं तो उन्हात तिरपा धरून पाहिला आणि म्हणाली, सर, ब्लँक फिरवायला पाहिजे होता.

तुमचा,
अंबडचा एक टूलरूमवाला