रजा वाढवून घे, अमोल

चि. अमोल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू मधेच फोन ठेवलास. बाबा न जेवताच उठले. मी म्हटलं त्यांना, पोराचं मालिकेतलं काम सुटतंय, जिवाला लागलंय त्याच्या, आपल्यावर नाही ओरडणार तर कुणावर? पण मला जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसले. बँकेची नोकरी, जिच्यातून रजेवर आहेस, ती सोडतो म्हणालास, पण तो विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवलंय.

मालिकेतला तुझा ट्रॅक, म्हणजे तुझ्या भास्कररावाची गोष्ट, संपवणार म्हणालास. भास्करराव घर सोडून जाणार आणि परत येणार नाहीत. चॅनेलने ठरवलं, माझ्या कामात खोट नाही, असं पुन्हा पुन्हा सांगत होतास. मला ते सांगायला हवं होतं का रे? किल्ल्या परत देतोस तो सीन मी मोबाईलवर परत लावून पाहिला. जुडगा टेबलावर ठेवतोस, दारापर्यंत जातोस, मागे फिरतोस आणि एका बोटाने तो जुडगा थोडासा पुढे सरकवतोस. तोंडातून शब्द नाही. अण्णांचंच आहे ते. दुकानाच्या किल्ल्या धाकट्या काकांना द्यायच्या वेळी त्यांनी अगदी असंच केलं होतं. तू तेव्हा पहिलीतही गेला नव्हतास, माझ्या पदराशी उभा होतास. दिग्दर्शकाने सांगितलं होतं का तुझं तू केलंस, हे बाबांना तुला विचारायचंय. ते स्वतः विचारणार नाहीत, तूच सांग त्यांना.

बाजारात एका बाईने मला थांबवलं. म्हणाली, "तुमच्या मुलाला सांगा, त्या पोरीला इतकं छळू नको." मेथीची जुडी हातातच राहिली माझ्या. इतका आनंद झाला की मी घरी येऊन आधी ताईला फोन केला. सामना सिनेमा पहिल्यांदा टीव्हीवर लागला तेव्हा तुझी आजी निळूभाऊ फुल्यांकडे बघून अशीच कडाकडा बोटं मोडायची. तो हिंदुराव धोंडे पाटील आवाज चढवत नाही, सावकाश बोलतो, समोरच्याला पाहुणा म्हणून ठेवून घेतो. आणि श्रीराम लागूंचा मास्तर त्या नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं विचारत राहतो, तसतसा त्या मोठ्या माणसाचा चेहरा आतून खचत जातो. आजी शेवटाला म्हणाली होती, "मेल्याची दया येते गं." आधी शिव्या घेतल्या आणि मग दया. तुझ्या भास्कररावाचं मला तेच वाटतं, त्याची दया येते. (हे मी तुझी आई म्हणून म्हणत नाही. आई म्हणून मी तुला वाईट दिसलास तर वाईट म्हणते, पहिल्या मालिकेच्या वेळी म्हटलं होतं.)

फोनवर तू म्हणालास, "निळूभाऊंनी नाही का नोकरी सोडली?" सोडली. पण आधीचं सगळं बघ ना. आमचे नाना राष्ट्र सेवादलाचे, निळूभाऊही तिथलेच, त्यामुळे आमच्या घरी निळूभाऊंचं नाव घरच्या माणसासारखं निघायचं. सतराव्या वर्षी पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळी म्हणून लागले. पगार ८० रुपये, त्यातले १० सेवादलाला. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, पैशाअभावी राहून गेली. कलापथकं केली, लोकनाट्यं केली, कथा अकलेच्या कांद्याची गाजलं, आणि पहिला सिनेमा, अनंत मान्यांचा एक गाव बारा भानगडी, आला १९६८ साली. त्यांचा जन्म १९३० चा. म्हणजे अडतीस वर्षांचे होते. तू चौतीसचा आहेस. घाई कसली आहे, असं मी म्हणते. दर महिन्याला हातात काही पडत असेल तर माणूस नको ते काम नाकारू शकतो.

आणि लागूंचं सांगू नकोस. ते कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ ला पूर्णवेळ नाटकात आले. डिग्री त्यांच्या नावावर होतीच, ती कुणी काढून घेणार नव्हतं. बँकेची नोकरी एकदा सुटली की परत मिळत नाही.

बघ, विषय निघालाच. राग मानू नकोस.

भीती मला कामाची नाही, कामानंतरच्या वर्षांची आहे. पंचायतीत म्हाताऱ्या कलावंतांच्या सरकारी मानधनाचे अर्ज भरून द्यायला मलाच बोलावतात, कारण बाकीच्यांना ते रकाने कळत नाहीत. महिन्याला ५,००० रुपये आहेत आता. परवा एक ढोलकीवाले आले होते. जुन्या कार्यक्रमांचे फोटो पिशवीत घालून आणलेले, कडा कुरतडलेल्या, पाठीमागे तारखा नाहीत, त्यामुळे पुरावा म्हणून चालेनात. मी नाव विचारलं तर त्यांनी आधी फडाचं नाव सांगितलं, मग स्वतःचं. मला एकदम तूच दिसलास तिथे. रात्री झोप लागली नाही. तुझे सगळे भाग, तारखा, करारपत्रं एका फाईलला लावून ठेव, एवढं तरी कर.

शिवाय तुमचं ते नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याचं प्रकरण. आज काम केलंस की तीन महिन्यांनी मोबदला, आणि भाडं मात्र पाच तारखेला. तू पोटाला चिमटा काढतोस हे मला तुझ्या गळ्याच्या हाडावरून कळतं, स्क्रीनवरसुद्धा. पीपीएफमध्ये थोडे टाक. सिगारेट सुटली का? निळूभाऊ २००९ च्या जुलैत अन्ननलिकेच्या कर्करोगाने गेले, तेव्हा नानांनी दोन दिवस पेपर उघडला नव्हता. मी उगाच काहीच्या बाही जोडते आहे, कळतंय मला. शाळेत असताना मुलं मला म्हणायची, बाई, कविता शिकवताना तुम्ही हातपाय धुण्यावर जाता.

दुसरं एक. सगळीकडे आता तुला तसाच भाऊबंद, तसाच काका विचारतील. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी नाच्या असा काही उभा केला की लोकांनी त्यांना त्यातून बाहेरच येऊ दिलं नाही, पडद्याबाहेरही माणसं त्यांना तसंच समजायची. निळूभाऊंवरही पाटलाचा शिक्का बसला होता. पण त्यांनी रंगभूमीवर सखाराम बाइंडर केला, सिंहासन सिनेमात दिगू टिपणीस केला, हिंदीत सारांश केला. दिगूला दरारा नाही, हुकूम नाही, नुसता बघत फिरणारा पत्रकार. तोच माणूस! म्हणून म्हणते, मिळेल ते भास्करराव घेत सुटू नकोस, वर्ष वाट बघ, प्रायोगिक नाटक कर. आणि वाट बघताना परत जायला नोकरी शिल्लक लागते. तुझे बँकेतले साहेब भेटले होते परवा, म्हणाले, बिनपगारी रजा आणखी वाढवता येईल, फक्त महिनाअखेरीआधी अर्ज हवा.

तुला आठवतं का, मेणवलीच्या घाटावर शूटिंग असलं की तू शाळा बुडवून जायचास? एकदा तुला त्यांनी गर्दीत उभं केलं होतं, डोक्यावर टोपी देऊन. संध्याकाळी आलास ते ती टोपी न काढताच. हिरोचं नाव विचारलं तर तुला सांगता येईना. पण त्याच्या बाजूला जो म्हातारा चहावाला झाला होता त्याची चाल तू ओसरीवर करून दाखवलीस, एक खांदा खाली टाकून, किटली सांभाळत. अण्णा हसून हसून खोकायला लागले. मला त्या दिवशीच कळायला हवं होतं, असं बाबा म्हणतात. मला कळलं होतं. म्हणून तर ताईच्या लग्नाच्या वेळी मी तुला पुण्याच्या शिबिराला जाऊ दिलं, आणि घरात कुणाचं ऐकलं नाही. आजही तू राजीनामा टाकलास तरी मी तुझ्याच बाजूने बोलेन, बाबांशीसुद्धा. पण टाकू नकोस रे.

राहिलेले पैसे निर्मात्याकडे फोनवर मागत बसू नकोस. ईमेल कर, प्रत्येक दिवसाची तारीख आणि कॉल टाइम लिहून, आणि एक प्रत सिंटाला, तुमच्या कलाकारांच्या संघटनेला, पाठव. मराठी नीट लिही, "नम्र विनंती" एकदाच पुरे. मसुदा आधी मला पाठव, मी तपासून देते. रजेच्या अर्जाचाही पाठव.

तुझी,
आई